चष्मेवाल्यांची ग्रंथी आणि आमच्या बाकाचं मत

माणसाच्या शरीरातला कोणताही अवयव बिनतक्रार चालतो तोपर्यंत त्याच्या खासगी मालकीचा असतो. बिघडला की सार्वजनिक होतो. गुडघा सगळ्यात लवकर सार्वजनिक होतो, त्याच्या मागोमाग दात आणि पित्त. हृदयाला थोडा मान असल्यामुळे त्याच्याविषयी लोक आवाज खाली आणून बोलतात, पण बोलतात. या नियमाला एकच अवयव अपवाद आहे असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. तो पुरुषांच्या मूत्राशयाखाली असतो, अक्रोडाएवढा असतो, आणि त्याचं शुद्ध नाव पुरःस्थ ग्रंथी असल्यामुळे तो बिघडला तरी कुणाला सांगता येत नाही. (ज्यांना हे नाव पहिल्या फटक्यात नीट उच्चारता येतं, त्यांना सहसा दुसराच आजार असतो.) डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात. आमच्या बाकावर ‘खालचं’ म्हणतात.

आमचा बाक बागेच्या मागच्या कोपऱ्यात आहे. जागा निवडताना सावली, वारा किंवा देखावा यांचा विचार झालेला नाही. स्वच्छतागृहापासूनचं अंतर हा एकमेव निकष होता, आणि त्या दृष्टीनं शहरात याहून चांगला बाक नाही. मी या बाकाचा चिटणीस आहे. माझी नेमणूक कुणी केलेली नाही आणि तिला हरकतही कुणी घेतलेली नाही. कचेरीतला माझा सगळा अनुभव असा, की नेमणूक म्हणतात ती हीच.

बाकाचे जुने सभासद तीन. प्राचार्य, बँकवाले आणि कॅप्टन. प्राचार्य निवृत्त झाले तरी समोरचा माणूस उशिरा आल्यासारखे बघतात. बँकवाले प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, जणू पुढच्या वाक्याला साहेबांची सही लागते. कॅप्टननी तारुण्य मालवाहू जहाजावर काढलं आणि आता ते बागेतल्या तळ्याकडे पाठ करून बसतात. या तिघांनाही काही वर्षांच्या अंतरानं खालच्याचा कॅन्सर निघाला. लवकर निघाला, ग्रंथीच्या आतच होता, बाहेर कुठे पसरलेला नव्हता. प्राचार्यांनी ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकली. बँकवाल्यांनी किरणांचा शेक घेतला. कॅप्टनचा अगदीच मवाळ होता, म्हणून त्यांनी काहीच न करता त्याच्यावर लक्ष ठेवलं.

तिघांचे तीन उपाय आणि तिघेही जिवंत. वैद्यकशास्त्राला ही समाधानाची गोष्ट वाटत असेल. बाकाच्या दृष्टीनं ही मोठी गैरसोय आहे. एखादा दगावला असता तर मुद्दा निकालात निघाला असता. तसं काही न झाल्यामुळे बाकावर तीन पक्ष आहेत: काढा पक्ष, शेका पक्ष आणि बघा पक्ष. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, की आपला उपाय शंभर टक्के यशस्वी झाला.

अशा वातावरणात एके सकाळी चष्मेवाले बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, “मलाही खालचं निघालंय.”

चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे. गावातल्या बहुतेक नाकांवर त्यांचं काम बसलेलं आहे. मऊ बोलणारा, सावकाश चालणारा माणूस. गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं ते ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं, आणि मग खिशातून फडकं काढून स्वतःचा चष्मा पुसत बसले. तो स्वच्छच होता.

आम्ही सगळे गप्प झालो. हे मौन सहानुभूतीचं होतं. ते संपल्याबरोबर तिन्ही पक्षांच्या चेहऱ्यांवर जे आलं, ते मी आजवर निवडणुकीच्या दिवसांतच पाहिलं आहे.

आता वैद्यकीय बाजू. ती मला चष्मेवाल्यांनी सांगितली आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, दुरुस्त करून दिली. रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला निघाला. मग मोठ्या यंत्रात झोपवून फोटो काढले, त्यात उजव्या बाजूला एक ठिपका दिसला. मग सुईनं तुकडे काढून तपासले. मूत्ररोगाच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं.

“गाठ एकाच ठिकाणी आहे, ग्रंथीच्या आत,” त्या म्हणाल्या. “फार आक्रमक नाही, पण अगदी गरीबही नाही. मधली आहे. उद्याच काही करायला हवं असं नाही, पण विसरूनही चालणार नाही.”

मग त्यांनी चार रस्ते सांगितले. ऑपरेशन करून सगळी ग्रंथी काढणं. किरणांचा शेक. फोकल थेरपी, म्हणजे ध्वनिलहरींच्या उष्णतेनं तेवढा ठिपका आणि त्याच्या आजूबाजूचा थोडा भाग जाळून बाकीच्या ग्रंथीला हात न लावणं. आणि चौथा, ठरावीक काळानं तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवणं.

“यातलं माझ्यासाठी योग्य कोणतं?”

“तुमच्या बाबतीत चारही योग्य आहेत.”

“मग मी करू काय?”

“निर्णय तुमचा आहे,” डॉक्टरबाई अत्यंत आदरानं म्हणाल्या.

इथे जुन्या आणि नव्या काळातला फरक नमूद करायला हवा. पूर्वी डॉक्टर ठरवायचा आणि रोगी घाबरायचा. ही विभागणी अन्यायाची होती. आता ठरवायचं काम रोग्याकडे आलेलं आहे, आणि घाबरायचं कामही त्याच्याकडून काढून घेतलेलं नाही. याला सहभागी निर्णय म्हणतात.

वहिनींनी एक प्रयत्न करून पाहिला. “तुमच्या वडिलांना झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ते माझं ऐकत नाहीत.”

जाताना त्यांनी एक पुस्तिका दिली. रोग्याला निर्णय घेणं सोपं जावं म्हणून ती तज्ज्ञांच्या समितीनं तयार केलेली होती. प्रत्येक उपायाला एक पान आणि प्रत्येक पानावर शंभर छोटे पुरुष, रांगेत उभे, सगळे एका ठशाचे, हात खाली सोडलेले. उपायानंतर ज्यांना लघवी राखणं जड जातं ते निळे. ज्यांच्या वैवाहिक सुखात अडचण येते ते नारिंगी. दोन्ही होणारे अर्धे निळे, अर्धे नारिंगी. त्या रोगानंच गेलेले अगदी थोडे, करडे. ते कोपऱ्यात होते, कुणाच्या डोळ्यावर येऊ नयेत म्हणून. फोकल थेरपीच्या पानावर निळे-नारिंगी कमी होते, पण शेवटच्या रांगांतले पुरुष नुसत्या ठिपक्यांनी काढलेले होते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, उपाय नवा असल्यामुळे दूरच्या काळाची माहिती अजून गोळा होत आहे, आणि काहींना तो पुन्हा किंवा दुसरा उपाय करावा लागतो.

चष्मेवाल्यांनी दवाखान्यातच खिशातून भिंग काढलं आणि पहिल्या पानापासून पुरुष तपासायला सुरुवात केली. मग त्यांनी विचारलं, “यातला मी कोणता?”

डॉक्टरबाईंनी खरोखरच वाकून पानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ते सांगता येत नाही.”

“हा असेल,” वहिनी एका पुरुषावर बोट ठेवून म्हणाल्या. “जरा पोक काढून उभा आहे.”

सगळे सारखेच उभे होते. पण वहिनींचं बोट ज्याच्यावर होतं तो कुठल्याच रंगाचा नव्हता, एवढं चष्मेवाल्यांनी पाहून ठेवलं.

यानंतरचे काही आठवडे बाकाच्या दृष्टीनं अत्यंत फलदायी गेले.

काढा पक्षातर्फे प्राचार्यांनी भूमिका मांडली. “जो विद्यार्थी वर्ग बिघडवतो त्याला कोपऱ्यात बसवून काय साधतं? नाव कमी करायचं. दाखला हातात द्यायचा. मी केलं आणि विषय संपला.” ऑपरेशननंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करण्यासाठी एक व्यायाम असतो. तो बसल्याजागी करता येतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. प्राचार्यांनी तो सर्वांकडून करून घेतला. आम्ही पाचजण ताठ बसून, समोर नजर लावून, श्वास धरून आतल्या आत आवळत होतो. (आवळण्यात कोण कसूर करतंय हे तपासायची सोय नसल्यामुळे प्राचार्य अस्वस्थ होते.) रस्त्यानं फिरायला चाललेल्या एक अनोळखी बाई आमचे चेहरे पाहून थबकल्या, डोक्यावरून पदर घेतला, क्षणभर मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि हलक्या पावलांनी निघून गेल्या.

शेका पक्षाचं प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी झालं. किरण घेताना मूत्राशय भरलेलं लागतं आणि अजिबात हलायचं नसतं. बँकवाले घरून बाटलीभर पाणी पिऊन आले आणि बाकावर आडवे झाले. “असं पडायचं,” ते म्हणाले आणि थांबले. “यंत्र फिरतं.” पुन्हा थांबले. “आपण काही करायचं नाही. रोज वेळेवर जायचं, पडायचं, वेळेवर यायचं. बँकेतल्यासारखंच.” ते इतके निश्चल पडले की बागेच्या रखवालदारानं येऊन आम्हाला विचारलं, कुणाला कळवायचं आहे का. तेवढ्यात बँकवाले एकदम उठले आणि स्वच्छतागृहाकडे गेले. प्रात्यक्षिक यशस्वी झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

बघा पक्षातर्फे कॅप्टन म्हणाले, “माझं प्रात्यक्षिक चालूच आहे.”

आम्ही वाट पाहिली. ते बसून होते.

“गेली चार वर्षं मी काही करत नाही,” ते म्हणाले. “पण ते अतिशय नियमितपणे करत नाही.”

फोकल थेरपीला बाकावर प्रतिनिधी नव्हता. चष्मेवाल्यांनी भीत भीत तिचा उल्लेख केला तेव्हा प्राचार्य म्हणाले, “तुमच्या धंद्यातला शब्द आहे म्हणून तुम्हाला भुरळ पडलीय.”

बँकवाले म्हणाले, “आज फोकल.” आणि थांबून म्हणाले, “उद्या पुन्हा करायला लागली की बायफोकल.”

हा विनोद बाकाच्या इतिहासात सर्वोत्तम ठरला. चष्मेवालेही हसले. मग त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

दरम्यान ते तज्ज्ञांनाही भेटत होते. ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे आलेखात ऑपरेशनची रेघ सगळ्यांत वर होती. किरणांच्या डॉक्टरांकडे किरणांची. फोकलच्या डॉक्टरांच्या आलेखात फोकलची रेघ वर होती आणि पुढे कागद संपला होता. तिघेही सज्जन होते, तिघांनीही दुसऱ्या दोघांबद्दल चांगलंच सांगितलं आणि तिघेही म्हणाले, निर्णय तुमचा. चौथ्या उपायाचा वेगळा डॉक्टर भेटला नाही, कारण काही न करण्याचा विभाग अजून कुठल्या रुग्णालयानं उघडलेला नाही.

चष्मेवाल्यांचं वजन उतरलं. दुकानात त्यांनी एकाचा चष्मा दुसऱ्याला दिला. ज्याला दिला तोही तक्रार न करता आठवडाभर घालून हिंडला, ही गोष्ट वेगळी. पुस्तिका घरी जेवणाच्या टेबलावर उघडी असायची आणि ते घास हातात धरून त्या शंभर माणसांकडे बघत राहायचे. मला एकदा म्हणाले, “ऑपरेशनला मी भीत नाही. मरणाला भितो, पण तेवढं सगळेच भितात. मला भीती वाटते ती नंतरची. एक करून बसेन आणि रोज वाटेल, दुसरं केलं असतं तर.”

मी त्यांना धीर दिला. म्हणालो, बाक तुमच्या पाठीशी आहे. त्यावर ते जरा जास्तच खचलेले दिसले.

आता दुसऱ्या बाकाविषयी. बागेच्या फाटकापाशी, नळाजवळ एक बाक आहे. त्यावर आमच्या घरातल्या बायका बसतात. दोन्ही बाकांमध्ये कामकाजाचे कसलेही संबंध नाहीत. त्या काय बोलतात हे आम्ही कधी विचारलं नाही. भाज्या, मुलं, गुडघे, असा आमचा समज होता.

वहिनी एका सकाळी तिथे जाऊन बसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, “तुमच्याकडे आता कसं आहे? खरं सांगा.”

(पुढची माहिती वहिनींकडून, त्या सकाळी घरी राहिलेल्या माझ्या पत्नीला आणि तिच्याकडून मला मिळाली. पत्नी म्हणाली की यातलं निम्मं ती मला सांगणार नाही. हे उरलेलं निम्मं.)

प्राचार्यांच्या पत्नी म्हणाल्या, “उत्तम आहेत. फक्त शिंकले की कपडे बदलायचे. गडद रंगाच्याच पँटी शिवतो आता. औषधांच्या दुकानातून मोठ्या माणसांचे लंगोट मीच आणते. दुकानदाराला सांगितलंय, सासूबाई अंथरुणावर आहेत. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. तो अजून विचारतो, कशा आहेत. मी म्हणते, तशाच.”

बँकवाल्यांच्या पत्नी म्हणाल्या, “यांना शेकाबरोबर हार्मोनची इंजेक्शनं होती काही महिने. अंगातून वाफा निघायच्या आणि रडू यायचं. बातम्यांत हवामान सांगत होते, तर हे रडले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, कुठेतरी थंडी वाढणार आहे.” मग त्या जरा थांबल्या. (ही सवय त्यांना नवऱ्याकडून लागली असावी.) “पण खरं सांगू? त्या महिन्यांत माझ्याशी फार छान वागत होते. इंजेक्शनं बंद झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखे झाले. आता पोटाची थोडी कुरकुर असते. कुठेही जायचं झालं की रस्त्यावरची सगळी स्वच्छतागृहं पाठ आहेत त्यांना.”

कॅप्टनच्या पत्नी म्हणाल्या, “आमच्याकडे काहीच केलेलं नाही ना. त्यामुळे काहीच नाही. फक्त रक्त तपासायची तारीख जवळ आली की मला बोलावतात आणि गॅसची टाकी कशी बदलायची ते शिकवतात. संसार मांडल्यापासून ती मीच बदलतेय. पण मी शिकून घेते. रिपोर्ट चांगला आला की शिकवणी बंद.”

यावर तिघीही हसल्या, आणि वहिनींच्या सांगण्यानुसार त्या हसताना त्यांच्यातल्या एकीनं डोळे पुसले. कुणी, ते माझी पत्नी सांगत नाही.

बाकांची आकडेवारी अशी: आमच्या बाकावर उपचारांच्या यशाचं प्रमाण शंभर टक्के. फाटकाजवळच्या बाकावर ते मोजण्याची पद्धतच नाही. तिथे नवरा घरी आहे की नाही एवढंच बघतात, आणि मग त्याच्यासकट जे काय असेल ते उरकतात.

वहिनींनी त्याच दुपारी हे सगळं चष्मेवाल्यांना सांगितलं. ते टेबलापाशी पुस्तिका घेऊन बसले होते.

“मग त्या काय म्हणतात? काय करावं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही म्हणाल्या. त्यांना आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून नुसत्या बोलत होत्या.”

“आणि तू?”

वहिनींनी पुस्तिका मिटली. “मला तुम्ही लागता,” त्या म्हणाल्या. “थोडे गळके चालाल. रोज ताटाशेजारी ही शंभर माणसं बसवलेली मात्र मला चालणार नाहीत.”

“आणि ते नारिंगी?”

“त्याचं बघू आपण. तुम्ही तरी असे काय मोठे...” असं म्हणून वहिनी थांबल्या. हे वाक्य पुढे कसं गेलं याची नोंद मिळत नाही. चष्मेवाले मला हे सांगताना त्या महिन्यात पहिल्यांदाच मोकळे हसले.

हे त्यांनी मला दुकानात सांगितलं. मी नंबर तपासायला गेलो होतो. त्यांनी माझ्या नाकावर ती लोखंडी चौकट ठेवली, काचा बदलत गेले आणि नेहमीप्रमाणे विचारत गेले, “हे बरं की हे? आता हे की हे?” सुरुवातीला मला फरक दिसत होता. शेवटी शेवटी दोन्ही सारखंच दिसायला लागलं. मी आपलं म्हणालो, “दुसरं.”

“खरंच दुसरं?”

“खरं सांगायचं तर कळत नाही.”

“कुणालाच कळत नाही,” ते म्हणाले. “शेवटच्या दोन काचांत सगळे अंदाजानंच सांगतात. मी तो नंबर देतो आणि माणसं वाचायला लागतात.” हातातली काच त्यांनी उजेडाकडे धरली. “ते चार रस्ते माझ्यासाठी शेवटच्या काचा आहेत बहुतेक. मी उगाच दीड महिना चौकट नाकावर घेऊन बसलोय.”

त्यांनी फोकल थेरपी घ्यायचं ठरवलं. डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा सगळं स्पष्ट सांगितलं: हे केल्यावर सुटका नाही, तपासण्या कायम राहतील, पुन्हा काही निघू शकतं. पण निघालंच तर पुढचे रस्ते बहुतेक उघडे असतील. चष्मेवाले म्हणाले, “चालेल.” वहिनींनी पुस्तिका परत दिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ठेवा तुमच्याकडे. वहिनी म्हणाल्या, नको, घरात माणसं फार झालीत.

बाकावर हा निर्णय जाहीर झाला तेव्हा तिन्ही पक्षांना तो मान्य नव्हता. प्राचार्य म्हणाले, अर्धवट काम. बँकवाले म्हणाले, अपुरं. आणि थांबून म्हणाले, फार अपुरं. कॅप्टन म्हणाले, घाई. एक इलाज एकाच वेळी अर्धवटही आणि घाईचाही कसा, हा प्रश्न मी चिटणीस या नात्यानं उपस्थित करणार होतो, पण माझा चहा निवत होता.

प्रक्रिया झाली. त्याच संध्याकाळी चष्मेवाले घरी आले. आठवडाभर लघवीची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी होती, आणि तरीही तिसऱ्या सकाळी सैल पँट घालून ते पाय फाकवत सावकाश बाकापर्यंत आले. बाकावर कुणी चकार शब्द काढला नाही. पण प्राचार्य एकदा माझी नजर चुकवून त्यांच्या कानाशी लागले आणि काहीतरी सांगून गेले. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांची पँट गडद रंगाची होती. बँकवाल्यांनी घर ते दुकान या रस्त्यावरच्या सहा जागा त्यांना तोंडी सांगितल्या, त्यातली एक फक्त ओळखीवर मिळते. कॅप्टन तळ्याकडे पाठ करून त्यांच्या शेजारी बसले आणि चष्मेवाले उठेपर्यंत उठले नाहीत. पक्षांच्या अधिकृत धोरणात यातलं काहीही बसत नाही.

वर्षभरानं पुन्हा फोटो, पुन्हा सुया. जिथे जाळलं होतं तिथे काही सापडलं नाही. डाव्या बाजूला मात्र एक बारीकसा, अगदी मवाळ कण निघाला. त्याला सध्या काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

या निकालानं बाकावर आनंद पसरला, कारण सगळे जिंकले. बघा पक्षानं चष्मेवाल्यांना तिथल्या तिथे सभासद करून घेतलं. काढा पक्ष म्हणाला, सांगितलं नव्हतं? शेका पक्षानं काही न बोलता मान हलवली, आणि तीत फार काही सांगून टाकलं. चष्मेवाले स्वतः शांत होते. थोडेफार निळ्यात गेले होते, ते महिन्याभरात संपलं. नारिंगीबद्दल विचारायची माझी छाती झाली नाही, पण वहिनी हल्ली फिरायला येताना गुणगुणत असतात. यावरून कुणी काही निष्कर्ष काढू नये. पत्नीनं काढला आहे.

गेल्या महिन्यात पोस्टमास्तर बाकावर आले. नवे गृहस्थ, चेहरा उतरलेला. म्हणाले, मला खालचं निघालंय आणि डॉक्टर म्हणतात निर्णय तुमचा.

आम्ही चष्मेवाल्यांकडे पाहिलं. या माणसानं आमचे सल्ले सोसले होते. तो तरी पोस्टमास्तरांना मोकळं सोडेल असं वाटलं.

“मी सल्ला देत नाही,” चष्मेवाले पोस्टमास्तरांच्या जवळ सरकत म्हणाले. “फक्त माझं काय झालं ते सांगतो.” आणि त्यांनी पोस्टमास्तरांचं मनगट धरलं. ऊन बाकावर आलं, रखवालदारानं झाडांना पाणी घालून संपवलं, आमची मंडळी एकेक करून घरी गेली, तरी सांगणं चालू होतं. डावीकडच्या कणाचा उल्लेख त्यात आला नाही. यश शंभर टक्के होतं. काढा, शेका आणि बघा या पक्षांबरोबर त्या दिवसापासून बाकावर चौथा पक्ष रीतसर काम करू लागला आहे. पोस्टमास्तरांच्या पत्नीला वहिनी दुसऱ्या बाकाकडे घेऊन गेल्या, हे सुदैव.

आमच्याही घरी थोडी चर्चा झाली. पत्नी म्हणाली, “आणि तुम्ही रात्री चारदा उठता त्याचं काय?”

“दोनदा,” मी म्हणालो.

“चारदा. मी जागी असते.”

पुढच्या आठवड्यात माझी तपासणी आहे. अद्याप काही निघालेलं नाही, तरी चारही पक्षांचे नेते मला स्वतंत्रपणे भेटून गेले. प्रचार लवकर सुरू केलेला बरा असतो.

ही हकिगत वाचताना चष्मेवाल्यांनी नेमकं काय करायला हवं होतं हे आपण केव्हाच ठरवलेलं आहे, असं बाक गृहीत धरतो. आपली शिफारस पोचली. वैद्यकशास्त्रातला आपला अनुभव विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. जागा थोडी सरकून करता येईल. आपलं वय पन्नाशीपुढचं असेल आणि वाचता वाचता मध्येच आपण एकदा उठून जाऊन आला असाल, तर लगेच घाबरू नका. डॉक्टरबाई म्हणतात, पुष्कळदा ते नुसत्या वयामुळेच असतं, पण दाखवून घ्यावं. दिवसरात्र मिळून किती वेळा उठता, हे आपण मोजलेलं नसणार. शेजारच्या उशीवर मोजलेलं आहे. विचारून बघा.